सातव्या घरची पाहुणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचं बरं का!" मी म्हटलं, "अहो, मी कशावर बोलणार? ना मला भरतकाम येतं, ना मी कुठं चारधाम करून आले." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग तुमच्या मांजरीवर बोला. दोन वर्षं सगळी इमारत तिचंच कौतुक ऐकते आहे."

बाईंनी थट्टा केली, पण मी घरी गेल्यावर ती गोष्ट मनातून जाईना. कारण आमच्या मांजरीची गोष्ट जितकी कौतुकाची आहे, तितकीच ती माझ्या एका चुकीची आहे. ती चूक मी आजवर मंडळात कुणाला सांगितली नव्हती. आज सांगणार आहे. उद्या आपल्यापैकी कुणाच्या दारात असा एखादा जीव येऊन पडला, तर तिच्या हातून तरी ती होऊ नये, एवढाच हेतू.

मांजरी आपल्या पिलांना सात घरं दाखवते तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, असं आपल्या आया-आज्या सांगत आल्या. डोळे काही घरांमुळं उघडत नाहीत. जन्मानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत ते आपोआप उघडतात. पण जागा बदलण्याची गोष्ट मात्र खरी आहे. कुणी फार डोकावलं, ओल आली, बोक्याचा वास आला, की ती एकेक पिल्लू मानेला धरून नव्या जागी नेते. आणि ह्याच वेळी आपण माणसं घोटाळा करतो. राहिलेलं पिल्लू पाहून "अरेरे, आईनं टाकलं!" म्हणतो आणि उचलून घरात आणतो. आई परत येते तेव्हा जागा रिकामी. तेव्हा पहिला धडा असा, की पिल्लू कोरडं, उबदार आणि स्वस्थ निजलेलं असेल तर त्याला हात लावू नये. लांब उभं राहून दोन-चार तास वाट पाहावी. आईसारखी दाई नाही. पिल्लू भिजलेलं असेल, गार पडलं असेल किंवा सारखं रडत असेल, तरच उचलावं.

आमची पिल्लं भिजलेली होती. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली ती रात्र तुम्हां सर्वांना आठवत असेल. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं आणि वीज गेली. मांजरीनं तिथं गोणपाटावर तीन पिल्लं घातली होती. एक घेऊन ती गेली, ती परत आलीच नाही. उरलेली दोन पाण्यात ओरडत होती. ह्यांनी बॅटरी धरली आणि मी ती पदरात घालून वर आणली. एक राखी रंगाचं, दुसरं काळं-पांढरं-तांबूस असं तिरंगी. तिरंगी पिल्लू बहुतेक मादीच असतं, हे मला पुढं कळलं.

आता माझी चूक ऐका. घरात मांजर पाळण्याची ही माझी पहिलीच वेळ. पण दोन मुलं वाढवलेली, भाचरं-पुतणे अंगाखांद्यावर खेळवलेले. लहान जिवाचं काय करायचं ते मला का ठाऊक नाही, असा माझा तोरा. राखी पिल्लू अगदी मलूल होतं. मी हात लावून पाहिला तर पाय गार, तोंडाच्या आतसुद्धा गार. मला वाटलं, पोटात काही नाही म्हणून असं झालंय. मी लगबगीनं गाईचं दूध कोमट केलं, माळ्यावरचं मुलांचं चांदीचं बोंडलं काढलं, पिल्लाला मांडीवर उताणं निजवलं आणि आपण तान्ह्या मुलाला पाजतो तसं घोटघोट दूध पाजलं. थोडं दूध नाकातून आलं. पिल्लू शिंकलं, मग गप्प झालं. मला वाटलं, पोट भरलं, निजलं. पहाटे तीन वाजता पाहिलं, तर ते गेलेलं होतं.

दुसरं पिल्लू माझ्या हातून वाचलं, ते त्यानं बोंडलं तोंडात घेतलं नाही म्हणून. आणि दुसरं कारण आमच्या सासूबाई. मांजर घरात आणल्याबद्दल त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या. पण ते कुडकुडणारं पोर पाहून त्या म्हणाल्या, "अगं, आधी त्याला सुकू तर दे! पोटाचं मागनं बघ." आणि स्वतःच्या गुडघ्याला शेकायला घेतलेली गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी तिच्यापाशी ठेवली. शास्त्र न शिकता सासूबाईंनी जे केलं तेच बरोबर होतं, आणि दोन मुलांची आई असून मी जे केलं ते चूक होतं.

हे मला सकाळी कळलं. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मला तीनच प्रश्न विचारले. "ऊब दिलीत का? काय पाजलंत? कसं पाजलंत?" मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गार पडलेल्या पिल्लाची आतडी काम करीत नाहीत. पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहून नासतं. उताणं पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. म्हणून आधी ऊब, मग घास. हा क्रम कधी उलटा करू नका."

मैत्रिणींनो, आधी ऊब, मग घास! आजच्या माझ्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढे चार शब्द पदराला गाठ मारून ठेवा.

ऊब कशी द्यायची तेही सांगते. पिल्लू आधी कोरड्या टॉवेलनं हलक्या हातानं पुसून घ्यावं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं मऊ कापड घालावं. गरम पाण्याची पिशवी, नाहीतर साधी बाटली, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. संबंध तळाला नको, कारण फार उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. पिशवी उघडी अंगाला लागली तर त्याची नाजूक कातडी भाजते. आणि ऊब हळूहळू, तासा-दोन तासांत द्यावी. घाई करून विस्तवाजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर धरू नये. तोंडात बोट घालून पाहावं, आतून उबदार लागलं आणि ते चोखायला लागलं, की मग दुधाची वेळ.

दूध मात्र गाईचं-म्हशीचं नको. "मांजर डोळे मिटून दूध पितं" ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की मांजराला दूध बाधतं हे कुणाला खरं वाटत नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिनं असतात. गाईच्या दुधानं पिल्लाचं पोट बिघडतं, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला हगवण म्हणजे अंगातलं पाणी आटणं. पिलांसाठी दुधाची निराळी भुकटी मिळते. ती डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावी. ताकद येईल म्हणून दाट करू नये आणि पुरवठ्याला येईल म्हणून पातळ करू नये. पाजताना पिल्लू पालथं, चार पायांवर, आईपाशी पितं तसं ठेवावं, मान किंचित वर. बाटलीचं बूच असं, की उलटी केल्यावर दूध थेंब थेंब पडावं, धार लागू नये. तान्ह्याचं दूध आपण मनगटावर टाकून पाहतो तो थेंब मात्र इथंही उपयोगी पडतो.

डॉक्टरबाईंनी पिल्लाचे ओठ वर करून दात पाहिले. पुढचे बारीक दात आणि सुळे आले होते, दाढा नव्हत्या. त्यावरून चार आठवड्यांची असेल म्हणाल्या. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू असतं, तर दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं त्याची शू-शीची जागा पुसावी लागली असती, कारण तेवढ्या पिल्लाला ते आपलं आपण साधत नाही. आई चाटते ती त्यासाठीच. आमची त्यातून सुटलेली होती. एका पसरट ताटलीत वाळू घातली, दोनदा तिथं ठेवलं, की तिसऱ्यांदा ती आपली आपण गेली. आपल्या मुलांना हे शिकवायला आपल्याला किती महिने लागले, ते आठवा!

मग त्यांनी तिला काट्यावर ठेवलं. भरली तीनशे वीस ग्रॅम. चार आठवड्यांचं पिल्लू साधारण चारशेच्या घरात असायला हवं. त्या म्हणाल्या, "घरी स्वयंपाकाचा काटा आहे ना? रोज सकाळी एकाच वेळी, दूध पाजायच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर ठीक. एक दिवस वाढलं नाही तर सावध राहा. कमी झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इकडं या." मी दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून तिच्यात मागच्या बाजूनं मांजरीचं वजन लिहू लागले. ती वही अजून माझ्यापाशी आहे. तीनशे वीस, तीनशे सव्वीस, तीनशे तीस. एवढ्या चार ग्रॅमांसाठी मी सकाळी देवापुढं हात जोडलेले आहेत.

तिसऱ्या दिवशी मी दुसरी चूक करता करता वाचले. पिल्लाचा उजवा डोळा चिपडांनी चिकटला, शिंका येऊ लागल्या, नाक वाजू लागलं. मी थर्मामीटर लावून पाहिला तर एकशे एक. मी घाबरले. घरात तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी असतेच. मुलांना लहानपणी पाव गोळी मधात चाटवीत होते, तशी चतकोर करून मी चमच्यात कालवली. पण पहिल्या रात्रीचा चटका ताजा होता, म्हणून एकदा फोन करून विचारावं असं वाटलं. डॉक्टरबाई फोनवरच जवळजवळ ओरडल्या, "आधी तो चमचा खाली ठेवा!"

ह्यात दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. एक, मांजराचं अंग मुळातच आपल्याहून गरम. शंभर ते एकशे दोन अंश फॅरनहाइट म्हणजे त्याला ताप नव्हेच. आणि दुसरी जिवावरची. आपल्या यकृतात ह्या औषधाचा निचरा करणारी जी व्यवस्था आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. औषध अंगात विष होऊन राहतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पाय सुजतात, श्वास लागतो. आपली एक गोळी मोठ्या मांजरालाही मारायला पुरते. मग तीनशे ग्रॅमच्या पिल्लाची काय कथा! ज्या गोळीला आपण घरात कधी औषध म्हणूनसुद्धा मोजीत नाही, ती मांजराच्या घरात विषाच्या कपाटात ठेवायची गोष्ट आहे. दुखण्याच्या बाकीच्या गोळ्यांनाही हाच नियम.

तसंच फिनाईलचं. आपण ओट्याखाली, मोरीत, गॅलरीत फिनाईल टाकतो. मांजर त्यावरून चालतं आणि मग पाय चाटून स्वच्छ करतं, म्हणजे ते पोटात जातं. डांबराच्या गोळ्या, कापूर, कांदा आणि लसूण, हीही त्याला बाधणारी मंडळी. फुलदाणीतली लिलीची फुलं तर मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. समोरच्या वहिनींनी आपुलकीनं त्यांच्या कुत्र्याची पिसवांची पावडर आणून दिली होती. तीही डॉक्टरबाईंनी परत पाठवली. कुत्र्यांच्या अशा पुष्कळ औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणून मारतं. पिसवा मात्र काढायलाच हव्यात, कारण एवढ्याशा पिल्लाचं रक्त पिऊन त्या त्याला पांढरं पाडतात. आम्ही बारीक दातांच्या फणीनं विंचरून त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले तर तांबूस डाग पडतो. तो पिसवांच्या विष्ठेतला रक्ताचा डाग. हिरड्या गुलाबी आहेत ना, हे रोज पाहायची सवय मला तेव्हापासून लागली.

चिकटलेल्या डोळ्यावर उपाय साधा होता. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून थोडा वेळ डोळ्यावर धरायचा आणि नाकाकडून बाहेर पुसायचं. प्रत्येक डोळ्याला निराळा बोळा. घरातले जुने डोळ्यांचे थेंब घालायचे नाहीत, कारण त्यांत स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळा जाऊ शकतो. मांजरांच्या ह्या सर्दीमागं बहुधा विषाणू असतात. ती माणसाला लागत नाही, पण दुसऱ्या मांजराला झपाट्यानं लागते. आणि सर्दीत खरा धोका नाकाचा आहे. मांजर वासावर जेवतं. वास आला नाही, की समोरचं अन्न ते अन्नच समजत नाही. म्हणून न्हाणीघर बंद करून गरम पाण्याची वाफ कोंडायची, दहा-पंधरा मिनिटं तिला घेऊन तिथं बसायचं, नाक पुसायचं, आणि मग अन्न किंचित कोमट करून द्यायचं, म्हणजे त्याचा वास सुटतो. आमच्या सासूबाई न्हाणीघरात पाटावर बसून, मांडीवर टॉवेलात पिल्लू घेऊन विष्णुसहस्रनाम म्हणत असत. एक सहस्रनाम म्हणजे एक वाफारा, असं आमचं घड्याळ.

पाचव्या रात्री ती एकाएकी ढासळली. वहीत त्या सकाळी नऊ ग्रॅम उतरलेले होते आणि मी, "संध्याकाळी बघू" म्हणून थांबले होते. तेवढं थांबायला नको होतं. रात्री नऊच्या सुमाराला तिची मान लटकी पडली, हाक मारली तर डोळा उघडेना. फोनवर डॉक्टरबाईंनी सांगितलं, की रक्तातली साखर उतरली असणार. दाट साखरपाणी बोटानं हिरड्यांवर चोळा, घशात ओतू नका, उबेत ठेवा आणि निघा. मी तसं केलं. दहा मिनिटांत तिनं बोट चाटलं. तिच्या कातडीखाली सलाईन दिल्यावर पाठीवर उंटाच्या मदारीसारखा फुगवटा आला. तो रात्रीतून जिरला, आणि पहाटे ती स्वतःहून ओरडली. भुकेचं ओरडणं इतकं गोड असतं, हे मी माझी मुलं लहान असताना सुद्धा जाणलं नव्हतं.

नंतर औषधपाण्यासाठी आम्ही परळच्या इस्पितळात जात असू. लहानपणापासून आपण त्याला बैलघोड्याचं इस्पितळ म्हणत आलो. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ. एकोणिसाव्या शतकात, ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल मुंबई ओढीत होते तेव्हा ते उभं राहिलं, आणि परळलाच १८८६ साली पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. एका बाईच्या नावानं चाललेल्या त्या वास्तूत रांगेत बसले असताना माझ्या पुढं एक बकरी होती, मागं पोपटाचा पिंजरा होता, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कुणी ना कुणी आजारी जीव होता. त्या रांगेत लहान-मोठं कुणी नसतं.

तिथंच तिला जंताचं औषध मिळालं. पिलांना जंत आईच्या दुधातूनच मिळतात. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, ही त्याची खूण. औषध वजनावर मोजून देतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. ते अंदाजानं, दुसऱ्याच्या मांजराच्या बाटलीतलं देऊ नये.

मग आला खाण्याचा प्रश्न. आमचं घर शाकाहारी. चार आठवड्यांनंतर पिल्लाला घट्ट अन्न लागतं, आणि मांजर हा वरणभातावर जगणारा प्राणी नव्हे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते. आणि त्याच्याच अभावानं मांजराचं काळीज फुगून निकामी होतं, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी १९८७ साली दाखवून दिलं. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. "आपला धर्म आपल्याला, तिचा तिला. षष्ठीदेवीनं तिला वाहन केलं ते काय वरणभात खाते म्हणून?" गॅलरीत तिची निराळी बशी, निराळा चमचा, आणि पिलांसाठी मिळणारं तयार अन्न. ते आधी दुधात कालवून पेजेसारखं, मग हळूहळू घट्ट. सासूबाई तिकडं पाठ करून बसत, पण बशी रिकामी झाली की नाही, हे मला त्याच विचारीत.

आता थोडं आपल्या माणसांच्या सुरक्षेचं. मुलीच्या बोटाला एकदा तिचा दात लागला, रक्ताचा ठिपका आला. "एवढंसं पिल्लू, त्याला काय होतंय!" असं पुष्कळजणी म्हणाल्या. पण रेबीज मांजराकडूनही होतो आणि त्याची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही. म्हणून चावा असो वा ओरखडा, साबणानं आणि वाहत्या पाण्यानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतही औषध टोचावं लागतं. आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पुरी करायची. आम्ही ती केली. पिल्लाला ती लस बारा आठवड्यांची झाल्यावर देतात. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून, मांजरांच्या इतर रोगांची लस सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात. त्यातला एक रोग फार घातकी. उलट्या, हगवण, आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. ब्लीचच्या पाण्यानं मात्र मरतो. असं पिल्लू घरात दगावलं असेल, तर लस न टोचलेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.

सून गरोदर राहिली, की आधी मांजर बाहेर काढायचं, असा आपल्याकडं प्रघात आहे. त्याची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू पसरू शकतो, हे खरं. पण विष्ठा पडल्यापासून तो लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून वाळूची ताटली रोजच्या रोज साफ व्हावी आणि ते काम गरोदर बाईनं न करता घरातल्या दुसऱ्यानं करावं. पुरुषमाणसांना हे काम चांगलं जमतं, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

मैत्रिणींनो, मी फार वेळ घेतला. पण शेवटी मनातलं बोलते. राखी पिल्लाला आम्ही मागच्या आवारात पारिजातकाखाली पुरलं. त्या वेळी एक शेजारी म्हणाले, "बरं झालं, एक कमी झालं. दुसरंही पोत्यात घालून मंडईत सोडा." मला त्यांचा राग आला, पण त्यांचीही बाजू आहे. रात्रीची भांडणं, जिन्यातली घाण, ह्यांचा त्रास सगळ्यांनाच होतो. मात्र मुकं जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० साली कायदा झाला, तो व्हावा म्हणून राज्यसभेत आधी झगडल्या त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, म्हणजे एक बाईच. आणि टाकून देण्यानं प्रश्नही सुटत नाही. मांजरी पाचव्या महिन्यातसुद्धा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. एक पोतं बाजारात सोडून याल, तोवर दुसरी जिन्याखाली वितेल.

प्रश्न सुटतो तो शस्त्रक्रियेनं. आमच्या पाहुणीची पाचव्या महिन्यात झाली. दोन दिवसांत ती कपाटावर चढली. मग आम्ही चौघीजणींनी वर्गणी काढून तिच्या आईलाही पकडलं आणि तिचीही करून घेतली. गेल्या पावसाळ्यात आपल्या जिन्याखाली एकही पिल्लू रडलं नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल. त्या शेजाऱ्यांनी वर्गणीत न मागता शंभर रुपये घातले, हेही सांगायला हवं.

म्हणून मंडळापुढं माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या मंडळाच्या कपाटात एक पेटी ठेवावी. तिच्यात गरम पाण्याची एक पिशवी, एक छोटा वजनकाटा, पाजायची बाटली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जवळच्या पशुवैद्यांचे आणि दवाखान्यांचे फोन नंबर. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहावं, "आधी ऊब, मग घास. माणसाचं औषध देऊ नये." खर्च फार नाही. पिशवी मी देते. सासूबाईंची तीच पिशवी देते. त्या गेल्या माघात गेल्या. शेवटच्या आजारात त्यांच्या पायाशी त्या पिशवीची ऊब आणि आमची मांजर, दोन्ही असायच्या, आणि कोणती अधिक गरम हे त्या गमतीनं मला विचारायच्या.

मी मुलं वाढवली म्हणून मला सगळं येतं, असं मला वाटत होतं. प्रेम दोन्हीकडं सारखंच लागतं. पण प्रेमाला माहितीची जोड नसेल, तर त्याच हातानं आपण जीव घालवून बसतो. विचारायला लाजू नये. त्या पहिल्या रात्री मी एक फोन केला असता, तर आज आमच्या घरी दोन मांजरं असती.